१३ आउट्स, पण कोणते?

ओमाहा पोकरमध्ये हातात चार पानं असतात, आणि पाच पानांचा हात त्यातली बरोबर २ आणि बोर्डावरची, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेली, बरोबर ३ घेऊन बनतो. फ्लॉपवर, म्हणजे बोर्डाच्या पहिल्या तीन पानांत, ९-८-२ पडलंय, तिन्ही पानं वेगवेगळ्या रंगांची. तुमच्या हातात राणी-गुलाम-१०-३ आहे. स्ट्रेट, म्हणजे ओळीनं पाच पानं, लागायला कोणती पानं चालतील? उरलेल्या ३ राण्या, ३ गुलाम, ३ दश्श्या आणि ४ सत्त्या, म्हणजे एकूण १३. या चालणाऱ्या पानांना आउट्स म्हणतात. आता फ्लॉप तोच ठेवा आणि हात बदला: ७-६-५-३. इथे ४ दश्श्या, ३ सत्त्या, ३ छक्क्या आणि ३ पंज्या चालतात. पुन्हा १३.

मोजणी सारखीच आली. पण पहिल्या हातातली तेराच्या तेरा पानं तुम्हाला नट स्ट्रेट देतात, म्हणजे त्या क्षणी टेबलावर त्याहून मोठा हात असूच शकत नाही. दुसऱ्या हातात हा मान फक्त ३ पंज्यांना आहे. दश्शी आली तर बोर्ड १०-९-८ होतो. राणी-गुलामवाला तुमच्या वर, गुलाम-७वालाही वर, आणि तुमचा ७-६ सगळ्यांच्या तळाशी. सत्ती आली तर गुलाम-१० आणि १०-६ दोघंही पुढे. छक्की आली तर १०-७ पुढे. म्हणजे १३ पैकी १० पानं अशी की ती आल्यावर तुम्ही खूश होणार आणि समोरचा त्याहून जास्त खूश होणार.

ओमाहात ड्रॉ, म्हणजे अजून पुरा न झालेला हात, कसा खेळायचा याबद्दल मला जे सांगायचंय ते या दोन हातांतल्या फरकाभोवतीच आहे. आउट्स मोजणं कुणालाही जमतं. कोणतं पान आलं की निर्धास्तपणे सगळे पैसे मध्ये ढकलता येतील, हे मोजायला वेळ लागतो. आणि त्या फरकाची किंमत किती, हे स्टॅक, म्हणजे प्रत्येकासमोरचे पैसे, किती खोल आहेत आणि हातात किती जण उरलेत यावर ठरतं. रमीत सिक्वेन्स लागला की लागला, छोटा की मोठा हे कुणी विचारत नाही. रमीवरून इकडे आलेल्यांची नजर म्हणूनच आधी संख्येवर जाते.

पुढचं सगळं चार पानांच्या पॉट लिमिट ओमाहाबद्दल आहे, ज्याला सगळे पीएलओ म्हणतात आणि जिथे पॉटपेक्षा, म्हणजे मध्ये जमलेल्या पैशांपेक्षा, मोठी बेट लावता येत नाही. हाय-लो, म्हणजे लहान हातालाही अर्धा पॉट देणाऱ्या प्रकाराचं, गणित वेगळं, ते इथे नाही. नियमही एका वाक्यात आठवून घेऊ: हातातली बरोबर २ आणि बोर्डावरची बरोबर ३ पानं. बोर्डावर चार इस्पिक आणि हातात एकटा इस्पिकचा एक्का असेल तर फ्लश (एकाच रंगाची पाच पानं) नाही. होल्डेम, म्हणजे हातात दोनच पानं असलेल्या पोकरमधून आलेला माणूस ही चूक हमखास करतो, आणि ती नेमकी शोडाऊनला, म्हणजे शेवटी पानं उघडताना, कळते. याच नियमाची एक उलटी बाजूही आहे. तुमच्या हातात एकाच रंगाची तीन पानं असतील तर फ्लशच्या ड्रॉला ९ ऐवजी ८ आउट्स उरतात, चार असतील तर ७. तिसरं-चौथं इस्पिक हातात येणं दिसायला छान असतं, पण ती तुमचीच आउट्स तुम्ही हातात धरून बसलेले असता.

आता टक्केवारी. फ्लॉपनंतर तुम्हाला ७ पानं माहीत असतात, ४५ नसतात. टर्ननंतर, म्हणजे बोर्डावर चौथं पान आल्यावर, ४४ उरतात; पाचवं, शेवटचं पान म्हणजे रिव्हर. दोन पानं यायची असताना ८ आउट्सना ३२.७ टक्के, ९ ला ३६.४, १३ ला ४९.९, १७ ला ६१.८ आणि २० ला ६९.७ टक्के. आउट्सना ४ ने गुणायची जी युक्ती होल्डेमवाले वापरतात ती ९ पर्यंत चालते. २० आउट्सना ती ८० टक्के सांगेल आणि तुम्हाला उगाच फुशारकी चढेल. टर्नवर हिशेब सरळ आहे: आउट्स भागिले ४४. तेराचे २९.५ टक्के होतात. फ्लॉपवरचे जवळजवळ ५० टक्के एका कोऱ्या, म्हणजे काहीच न देणाऱ्या, पानानं ३० वर येतात.

वीस आउट्सचा रॅप कसा दिसतो? त्याच ९-८-२ वर गुलाम-१०-७-६. ४ राण्या, ३ गुलाम, ३ दश्श्या, ३ सत्त्या, ३ छक्क्या, ४ पंज्या. बोर्डावरच्या ९-८ ला हातातल्या पानांनी दोन्ही बाजूंनी कवटाळलंय, म्हणून रॅप. त्यातल्या राण्या, सत्त्या, छक्क्या आणि पंज्या नट आहेत, मिळून १४. गुलाम किंवा दश्शी आली तर तुमचा स्ट्रेट गुलामापर्यंतच जातो आणि राणी असलेला वर बसतो. म्हणजे २० आउट्समधले ६ संशयित. हा तरीही ओमाहातला सर्वांत मोठा निव्वळ स्ट्रेट ड्रॉ आहे.

पण या २० आउट्सच्या ६९.७ टक्क्यांवर विसंबून राहू नका. ती टक्केवारी फक्त स्ट्रेट लागण्याची आहे, जिंकण्याची नाही. समोर तीन नव्वींचा सेट (हातात दोन, बोर्डावर एक) असेल तर स्ट्रेट लागूनही रिव्हरवर बोर्ड जोडीचा झाला की फुल हाऊस (तीन सारखी पानं आणि एक जोडी) तुम्हाला गिळतं. टर्नवर तुमचा स्ट्रेट लागला तरी सेटवाल्याकडे ९ किंवा १० पानं असतात, त्याची चार पानंही वजा केल्यावर उरलेल्या ४० पैकी, म्हणजे चारातून जवळपास एकदा तो सुटतो. शिवाय टर्नवरच अठ्ठी किंवा दुर्री पडली तर तुमचा ड्रॉ तिथेच मेला. सगळी पानं मांडून हिशेब केला (समोर ९-९-राजा-४, टर्न आणि रिव्हर दोन्हींवर एकाच रंगाची पानं येऊन लागणारे फ्लश सोडून) तर गुलाम-१०-७-६ ला साधारण ५४ टक्के मिळतात. सत्तर नव्हे. राणी-गुलाम-१०-३ ला त्याच सेटसमोर ४१ टक्के. आणि ७-६-५-३ ला? जवळपास तेवढेच. एकट्या सेटसमोर नट स्ट्रेट आणि तळाचा स्ट्रेट सारखेच जिंकतात. तळाच्या स्ट्रेटचं नुकसान तिसरा माणूस स्ट्रेट घेऊन आला की होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फ्लशच्या ड्रॉबद्दल लोकांचा भ्रम यापेक्षा मोठा आहे. इस्पिकच्या एक्क्याचा नट फ्लश ड्रॉ, सोबत दुसरं काहीच नाही, ९ आउट्स. कागदावर ३६ टक्के. बोर्ड इस्पिकची ९, चौकटची ८ आणि इस्पिकची २ असा धरला तर त्या ९ इस्पिकांतली अठ्ठी बोर्डावर जोडी करते, म्हणजे सेटवाल्याला फुल हाऊस देते, ती वजा. टर्नवर कोरं पान आलं तर रिव्हरला त्याच पानाचा इस्पिकही तीच गोची करतो. फ्लश लागल्यावरही चौथ्या हिश्शानं पुन्हा हरण्याची शक्यता. सगळं मिळून सेटसमोर हा हात २५-२६ टक्क्यांपाशी येतो. पूर्ण पॉटच्या बेटला कॉल करायला, म्हणजे तेवढेच पैसे घालायला, ३३.३ टक्के लागतात. म्हणून नुसता नट फ्लश ड्रॉ घेऊन फ्लॉपवर सगळे पैसे आत घालणं, समोरचा घट्ट खेळाडू असताना, मला पटत नाही. आणि राणीच्या किंवा दश्शीच्या फ्लश ड्रॉबद्दल तर बोलायलाच नको. तीन-चार जण पॉटमध्ये असतील तर तो ड्रॉ मी आउट्समध्ये धरतच नाही. दुसऱ्या चांगल्या ड्रॉला चिकटलेला असला तरच त्याला थोडं वजन.

खरी गंमत दोन्ही एकत्र आले की येते. त्याच बोर्डावर इस्पिकचा एक्का, चौकटची राणी, इस्पिकचा गुलाम आणि किलवरची दश्शी. स्ट्रेटचे १३, फ्लशचे ९, दोन्हींत मोजलेली इस्पिकची राणी, दश्शी आणि सत्ती एकदाच धरायची, म्हणून ३ वजा. एकूण १९. इस्पिकची अठ्ठी सोडली तर बाकी सगळी पानं नट देतात. तीन नव्वींच्या सेटसमोर हिशेब लावला तर ५० टक्क्यांच्या किंचित वर. सर्वांत वाईट परिस्थितीत निम्मं-निम्मं, आणि समोर दोन जोड्या किंवा नुसते दोन एक्के असतील तर तुम्ही सरळ पुढे. असा हात फ्लॉपवर मिळाला तर स्टॅक कितीही असोत, पैसे आत घालायला मी घाबरत नाही.

पॉट लिमिटमध्ये जास्तीत जास्त किती रेझ करता येतं, म्हणजे बेट कितीपर्यंत वाढवता येते, हे डोक्यात पक्कं असलं पाहिजे. सूत्र सोपं: समोरच्याच्या बेटची तिप्पट, अधिक त्याआधी मध्ये पडलेले पैसे. पॉट १००, बेट ६०, तर तुम्ही एकूण २८० पर्यंत जाऊ शकता. बेट १०० असेल तर ४००. लाइव्ह टेबलवर गोंधळ झाला तर डीलरला पॉट विचारा, पॉट लिमिटमध्ये तो सांगतो. त्यात लाज वाटायचं काही नाही. चुकीचा आकडा बोलून बसलेलं जास्त महागात पडतं.

किंमत, म्हणजे कॉल परवडायला जिंकण्याची किती शक्यता हवी, तीही पाठच करून टाका. पूर्ण पॉटच्या बेटला ३३.३ टक्के, दोन-तृतीयांशला २८.६, अर्ध्याला २५. टर्नवर याचा अर्थ: पूर्ण पॉटला १५ स्वच्छ आउट्स, दोन-तृतीयांशला १३, अर्ध्याला ११. तेरा नट आउट्स असलेला रॅप टर्नवर पूर्ण पॉटच्या बेटला नुसत्या किमतीवर कॉल होत नाही, हे बऱ्याच जणांना धक्कादायक वाटतं. रिव्हरवर स्ट्रेट लागल्यावर अजून पैसे मिळतील असं वाटत असेल तरच तो कॉल बसतो. त्यासाठी मागे पैसे उरलेले हवेत आणि समोरचा पैसे देणारा हवा. बोर्डावर १०-९-८ दिसत असताना सेट घेऊन पॉटभर बेट कॉल करणारे कमी असतात. रॅप लागला की सगळ्यांना दिसतो. फ्लशचंही तेच.

आता मुख्य निर्णय: रेझ, कॉल की फोल्ड (हात टाकून देणं). यासाठी आधी एक भागाकार करा. दोघांतल्या लहान स्टॅकला फ्लॉपवरच्या पॉटनं भागा. याला टेबलावर एसपीआर म्हणतात. समजा पॉट १०० आहे आणि दोघांकडे ४०० उरलेत, एसपीआर ४. समोरच्यानं १०० लावले. तुमच्याकडे राणी-गुलाम-१०-३. पॉट रेझ केलात तर बरोबर ४०० जातात, म्हणजे तुम्ही ऑल-इन. तो कॉल करून सेट दाखवतो: मध्ये ९००, तुमचे ४१ टक्के म्हणजे ३६९, घातले ४००. सरासरी ३१ चा तोटा. पण तो फोल्ड करतो तेव्हा तुम्हाला २०० आयते मिळतात. हिशेब जुळवला तर त्यानं सातातून एकदा फोल्ड केलं की हा रेझ तोट्यातून बाहेर येतो. आणि ९-८-२ वर बेट करणारा प्रत्येक जण सेट घेऊन बसलेला नसतो. एक्क्यांची जोडी, वरची जोडी आणि सोबत काहीतरी, लहानसा ड्रॉ, असे हात फ्लॉपला बेट करतात आणि ४०० दिसले की सोडतात.

याच जागी कॉल केलात तर काय होतं पाहा. पॉट ३००, तुमच्याकडे ३००. टर्नवर कोरं पान, समोरचा ३०० लावतो. तुम्हाला हवेत ३३.३ टक्के, तुमच्याकडे आहेत २९.५. समोर नक्की सेट आहे असं धरलं तरी ४० पैकी १३, म्हणजे ३२.५. फोल्ड करायला मन होत नाही, कॉल करायला किंमत नाही. १०० घालून तुम्ही दोनपैकी एकच पान विकत घेतलंत. ड्रॉची सगळी ताकद दोन पानं यायची असतात तेव्हा असते, म्हणून एसपीआर २ ते ५ च्या दरम्यान असताना चांगल्या ड्रॉचा निर्णय फ्लॉपवरच संपवावा. चेक-रेझ (आधी बेट न लावता समोरच्याला लावू देणं, मग रेझ) इथे फार चांगला चालतो: समोरच्याचे १०० आधीच आत आलेले असतात आणि तुम्ही आधी बोलायच्या जागी बसलात याचं नुकसानही उरत नाही, कारण पुढे बोलायला काही शिल्लकच राहत नाही.

आणि म्हणूनच, एकास एक, एसपीआर ४ असताना ७-६-५-३ सुद्धा जवळपास तसाच खेळता येतो. समोर सेट असेल तर टक्केवारी सारखीच, फोल्ड मिळण्याची शक्यता सारखीच. हे ऐकून नटचा जप करणारे नाराज होतील, पण आकडे तेच सांगतात.

आता स्टॅक वाढवा. पॉट १००, दोघांकडे १,३००. बेट १००, तुमचा रेझ ४००, समोरचा पुन्हा पॉट रेझ करतो: १,३००. तीन हालचालींत सगळं आत. इथे जो माणूस १,३०० घालायला तयार आहे त्याच्याकडे काय असेल? तीन नव्वी, किंवा राणी-गुलाम-१० सोबत फ्लश ड्रॉ, किंवा गुलाम-१०-७ असा मोठा रॅप. या दुसऱ्या-तिसऱ्या हातांसमोर तुमचा ७-६-५ म्हणजे निव्वळ देणगी. दश्शी आली की दोघांचा स्ट्रेट लागतो आणि त्याचा वर. सत्ती आली तरी तेच. म्हणून खोल स्टॅकवर तळाचा रॅप घेऊन रेझ करू नये. स्वस्त असेल आणि तुम्ही शेवटी बोलणार असाल तर एक कॉल, नाहीतर सरळ फोल्ड. १३ आउट्स फोल्ड करायला हात थरथरतो, ते समजण्यासारखं आहे. पण पॉटभर बेट, मागे दोघं बोलायचे बाकी, आणि तुमच्याकडे ३ नट आउट्स, यात फोल्ड हाच बरोबर खेळ आहे.

नट रॅप खोल स्टॅकवर कसा खेळायचा हे जागेवर अवलंबून आहे. बटणावर, म्हणजे दर फेरीत शेवटी बोलायच्या जागी, असाल तर मी बहुतेक वेळा कॉल करतो. स्ट्रेट लागला तर पैसे आत घालायला दोन फेऱ्या मिळतात, नाही लागला तर टर्नला फुकट पान मिळण्याची शक्यता असते, आणि तळाचे रॅप घेऊन येणारे मागे लोंबकळत राहतात, जे आपल्याला हवेच असतात. रेझ करून त्यांना पळवून लावलं तर उरतो फक्त सेटवाला, ज्याच्यासमोर तुम्ही ४१ टक्के आहात. आधी बोलायचं असेल तर चित्र उलटं. लागलं तरी समोरचा चेक करून सुटतो, नाही लागलं तर तो बेट मारून तुम्हाला हाकलतो. तिथे अर्ध्या पॉटची बेट स्वतःच लावणं किंवा चेक-कॉल, आणि टर्नवर पॉटभर बेट आली तर वरचं गणित लावून सोडणं.

किती जण आत आहेत याचे दोन परिणाम होतात आणि ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एक, तुम्हाला जिंकता येईल असा दुसऱ्यांचा पैसा वाढतो. तिघं ऑल-इन झाले तर प्रत्येकाला फक्त एक-तृतीयांश हवा. तुमचा नट ड्रॉ ४० टक्क्यांपाशी असेल तर हा सौदा उत्तम, त्यातून तिसरा माणूस तुमच्यापेक्षा खालचा ड्रॉ घेऊन आला असेल तर आणखी बरं. दोन, तुमची आउट्स दुसऱ्यांच्या हातात असू शकतात. तिघा विरोधकांकडे १२ पानं आहेत, आणि ९-८-२ वर पॉटभर बेटला दोघं कॉल करतात तेव्हा ती पानं राण्या, गुलाम, दश्श्या आणि सत्त्याच असण्याचा संभव जास्त. ४५ पानांत १३ आउट्स हा हिशेब अशा वेळी आशावादी ठरतो. अशा पॉटमध्ये मी नट नसलेली आउट्स शून्य धरतो आणि नटमधूनही एक-दोन मनातल्या मनात कमी करतो. शास्त्रशुद्ध नसेल, पण टेबलावर तेवढंच जमतं.

लागलेल्या हाताचाही ड्रॉ असतो, हे ओमाहात नव्या माणसाला सर्वांत उशिरा कळतं. फ्लॉप ९-८-७, त्यात दोन इस्पिक. तुमच्याकडे गुलाम-१० आणि दोन निरुपयोगी पानं. आत्ता नट आहे. समोरच्याकडेही गुलाम-१० आहे, सोबत राणी, आणि त्याच्या चार पानांत दोन इस्पिक. पैसे आत गेले तर तुम्ही जास्तीत जास्त निम्मा पॉट परत घेऊ शकता. तो मात्र इस्पिक आलं तर सगळा नेतो, गुलाम किंवा दश्शी आली तरी राणीपर्यंतच्या स्ट्रेटनं सगळा नेतो. खोल स्टॅकवर, तीन जण रेझ-रेझ करत असताना, कोरडा नट स्ट्रेट फ्लॉपवर सोडणं ही भित्रेपणाची खूण नाही. आणि तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल, तर जितका पैसा आत जाईल तितका घाला.

टर्नवर काय बदललं हे दर वेळी नव्यानं बघा. बोर्ड जोडीचा झाला तर स्ट्रेट आणि फ्लशच्या ड्रॉला बेट कॉल करणं जवळपास नेहमीच चूक. तिसरं इस्पिक आलं आणि तुमच्याकडे फक्त स्ट्रेट ड्रॉ असेल तर तुमची आउट्स संपल्यातच जमा. नट नसलेला स्ट्रेट लागला तर पॉट फुगवू नका. एक कॉल करा, रिव्हरला पुन्हा बघा. रिव्हरवर काहीच लागलं नाही तर ब्लफ करायचा का? हातात इस्पिकचा एकटा एक्का असेल आणि बोर्डावर तीन इस्पिक असतील तर नट फ्लश कुणाकडेच नाही हे फक्त तुम्हाला माहीत असतं, आणि तो ब्लफ ताकदवान असतो. मात्र तुमचा आधीचा खेळ फ्लश ड्रॉसारखा दिसलेला हवा. लहान स्टेक्सच्या टेबलवर लोक दुसऱ्या नंबरचा फ्लशही सोडत नाहीत, तिथे हा शहाणपणा दाखवू नये.

बऱ्याच चुका तर फ्लॉपच्या आधीच होऊन बसलेल्या असतात. तीन पानं जुळलेली आणि चौथं लोंबतं, जसं आपलं राणी-गुलाम-१०-३, हा हात स्ट्रेटच्या तेरा आउट्सच्या पुढे जातच नाही. गुलाम-१०-९-८ दोन रंगांत असेल तर मोठे रॅप आणि फ्लश ड्रॉ एकत्र लागतात. ७-६-५-४ सारखे तळाचे हात दिसायला सुबक, पण वरच्या फ्लॉपवर ते नेहमी दुसऱ्या नंबरचे ड्रॉ घेऊन येतात.

आपल्याकडे २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर पैशांचे ऑनलाइन टेबल बंद झाले, म्हणून हा खेळ कायदेशीरपणे बसून खेळायचा तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर गोव्यातल्या मांडवीवरच्या कॅसिनो बोटी येतात. लाइव्ह टेबलवर दोन गोष्टी हिशेबात घ्या. स्ट्रॅडल, म्हणजे पानं बघण्याआधीच कुणी लावलेली जादा बेट, लागला की पॉट फ्लॉपच्या आधीच मोठा होतो आणि एसपीआर खाली येतो, म्हणजे फ्लॉपवर ऑल-इनचा निर्णय अधिक वेळा करावा लागतो. आणि पाच पानांचा ओमाहा समोर आला तर वरची सगळी कडक गाळणी आणखी कडक करा. चार पानांत दोन-दोनाच्या ६ जोड्या होतात, पाचांत १०. समोरच्याकडे नट असण्याची शक्यता त्या प्रमाणात वाढते, आणि चार पानांच्या खेळात चालून जाणारा दुसऱ्या नंबरचा ड्रॉ तिथे रोज पैसे खातो. तिथे फ्लॉपनंतर न दिसलेली पानं ४४ असतात, तेवढा फरक धरा.

सरावाला पत्त्यांचा एक कॅट पुरे. फ्लॉप मांडा, चार पानं घ्या, आधी एकूण आउट्स मोजा, मग त्यातली नट वेगळी काढा. ही दुसरी मोजणी दहा सेकंदांत होईपर्यंत पैशांच्या टेबलवर घाई नको. सुरुवातीला हे दोन घ्या. फ्लॉप गुलाम-१०-४, हातात राजा-राणी-९-८: ४ एक्के, ३ राजे, ३ राण्या, ३ नव्व्या, ३ अठ्ठ्या, ४ सत्त्या, एकूण २०. राजा आला तर एक्का-राणी वर, राणी आली तर एक्का-राजा वर, म्हणून नट १४. आता अठ्ठीच्या जागी एक्का ठेवा, एक्का-राजा-राणी-९: ३ एक्के, ३ राजे, ३ राण्या, ३ नव्व्या, ४ अठ्ठ्या. एकूण १६, आणि सोळाच्या सोळा नट. स्टॅक पॉटच्या तिप्पट असेल आणि समोर एकच जण असेल तर मी २० वाला हात घेईन. बारापट असेल आणि तिघं आत असतील तर १६ वाला.